एप्रिलमध्ये जाहीर झालेले घड्याळ दिवाळी उलटली तरी दुकानात का नाही?

प्रश्न : पंचगंगा, कोल्हापूर (नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी,

यंदा १ ते ७ एप्रिल या काळात जिनिव्हात भरलेल्या ‘वॉचेस अँड वंडर्स’ प्रदर्शनात रोलेक्सने ‘लँड-ड्वेलर’ ही नवी मालिका जाहीर केली. त्यातले ३६ मिलिमीटर व्यासाचे, पोलादी अंगाचे, पांढऱ्या सोन्याची खाचेदार कडा आणि पांढरी तबकडी असलेले घड्याळ घ्यायचे, असे मी तेव्हाच ठरवले. मी पेशाने भूलतज्ज्ञ आहे आणि यांत्रिक घड्याळ आतून कसे चालते, याची मला विद्यार्थिदशेपासून ओढ आहे. या घड्याळात वर्षानुवर्षे चालत आलेल्या लिव्हर एस्केपमेंटच्या (स्प्रिंगची शक्ती ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या रचनेच्या) जागी ‘डायनापल्स’ ही नवी रचना बसवलेली आहे, यंत्र तासाला ३६,००० ठोके देते, पूर्ण भरलेली स्प्रिंग सुमारे ६६ तास पुरते आणि मागच्या पारदर्शक झाकणातून हे सारे चालताना पाहता येते. तबकडीवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असून ६ आणि ९ एवढेच दोन अंक आहेत. गेली काही वर्षे बाजूला ठेवलेले पैसे याच घड्याळासाठी वापरायचे, हे आता पक्के आहे.

अडचण एवढीच की घड्याळ कुठे दिसतच नाही. जाहीर झाले त्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर छायाचित्रे, मापे, सारा तपशील होता, त्यामुळे महिना-दोन महिन्यांत ते दुकानात येईल असे मी धरून चालले होते. पावसाळा गेला, दिवाळी झाली, तरी एका अधिकृत विक्रेत्याकडे ‘अजून आलेले नाही’ एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्याने माझे नाव आणि दूरध्वनी क्रमांक वहीत लिहून घेतला, पण पावती दिली नाही आणि माझ्या आधी किती जण आहेत तेही सांगितले नाही. अनेक कंपन्यांची घड्याळे ठेवणाऱ्या एका दुकानात तर, नव्या आणि मागणीच्या घड्याळांसाठी यादीत वर यायचे असेल तर आधी आमच्याकडून दागिना किंवा दुसरे एखादे घड्याळ घ्या, असे अगदी सरळ सांगण्यात आले. त्या दुकानाचे नाव मी इथे देत नाही, पण ते बोलणे मनाला फार लागले. याउलट एका मध्यस्थाने हेच घड्याळ आठवड्याभरात आणून देतो असे कळवले आहे, मात्र त्याने सांगितलेली किंमत अधिकृत किमतीच्या कितीतरी वर आहे.

घोषणा आणि विक्री यांत इतके अंतर का पडते, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. असे घड्याळ आपल्याकडच्या दुकानांपर्यंत खरोखर पोहोचते का, आणि पोहोचत असेल तर वाट पाहताना नेमके काय करावे? माझी मावसबहीण दुबईत असते. तिकडून आणणे शहाणपणाचे ठरेल का? शिवाय स्वित्झर्लंडशी झालेल्या व्यापार कराराने घड्याळे स्वस्त होणार, असे वाचनात आले आहे. त्यासाठी आणखी थांबावे का, यावरही मार्गदर्शन व्हावे.


उत्तर : गिरगावकर, मुंबई

नमस्कार डॉक्टर,

उमेदीची बरीच वर्षे मी मुंबईत घड्याळांच्या काउंटरमागे उभा राहून काढली आहेत. आता निवृत्त आहे, त्यामुळे कोणत्याही दुकानाची बाजू न घेता लिहू शकतो.

प्रदर्शनात काचेमागे जे दिसते, तो विक्रीचा माल नसतो. जिनिव्हाच्या पालेक्स्पो सभागृहात जगभरचे विक्रेते आणि पत्रकार येतात, त्यांना वेळ ठरवून एका खोलीत बसवले जाते, मखमली तबकात नवी घड्याळे आणून दाखवली जातात आणि ती पुन्हा आत नेली जातात. हे बहुतेक नमुने असतात. त्यानंतर कोणत्या देशाला, कोणत्या दुकानाला, किती आणि केव्हा द्यायचे, हे कंपनी ठरवते. कापडदुकानदार पेठेतून ठाण उचलून आणतो, तशी रोलेक्सच्या विक्रेत्याला मागणी नोंदवून माल उचलण्याची मुभा नसते. पार्सल आले, ते उघडले आणि सोबतची यादी वाचली की मगच आत काय आहे ते काउंटरवरच्या माणसाला कळते. म्हणून ‘केव्हा येईल’ या प्रश्नाला विक्रेता गोलमोल उत्तर देतो, तेव्हा बहुतेक वेळा तो काही लपवत नसतो, त्याच्याकडे तारीखच नसते.

सगळ्या कंपन्यांची रीत सारखी नाही, हेही लक्षात घ्यावे. ग्रँड सेकोसारखी जपानी कंपनी घोषणेतच घड्याळ कोणत्या महिन्यात दुकानात येईल ते सांगते आणि साधारणपणे तो शब्द पाळते. ओमेगाने पांढऱ्या तबकडीचे स्पीडमास्टर मार्च २०२४ मध्ये जाहीर केले, पण अभिनेता डॅनियल क्रेगच्या मनगटावर ते नोव्हेंबर २०२३ मध्येच दिसले होते, त्यामुळे गिऱ्हाइकांची वाट पाहणे घोषणेच्याही आधी सुरू झाले. तुमच्या लँड-ड्वेलरचेही तसेच झाले. रॉजर फेडररच्या छायाचित्रात ते प्रदर्शनाच्या आधीच लोकांना दिसले, आणि पहिले घड्याळ कुठल्याही दुकानात पोहोचण्यापूर्वी जगभर नावे नोंदवली जाऊ लागली.

काही दुकानांच्या काचेमागे एखादे घड्याळ दिसते आणि शेजारी ते केवळ प्रदर्शनासाठी असल्याची छोटी पाटी असते. ते विकत मिळत नाही, पण हातात घालून पाहता येते. ज्या दुकानात असा नमुना आला आहे, तिथे त्या मालिकेशी विक्रेत्याचा संबंध जुळला आहे एवढे तरी कळते. आपल्या भागातले कोणते दुकान या मालिकेत आहे, हे आधी विचारून घ्यावे.

नाव नोंदवतानाही थोडी काळजी घ्यावी. पुष्कळ लोक एका दमात पाच-सहा मागणीच्या घड्याळांची नावे देतात. असे गिऱ्हाईक बाजारात फिरून विकणारे असावे, असा विक्रेत्याला लगेच संशय येतो. तुम्हाला एकच घड्याळ हवे आहे, त्याचे माप, धातू आणि तबकडी ठरलेली आहे आणि ते का हवे हे तुम्ही अगदी नेमके सांगू शकता. ही फार मोठी जमेची बाजू आहे. शनिवार-रविवारची गर्दी टाळून कामाच्या दिवशी दुपारी जा, निवांत बसा, इथे लिहिले आहे तेच तिथे सांगा. मागणी फार आणि माल थोडा असला की दुकान घड्याळ कोणाला देते? जो ते घालेल आणि पुढच्या आठवड्यात विकणार नाही असे वाटते त्याला. मला हे योग्य वाटते. मात्र नको असलेली वस्तू गळ्यात मारून यादीत वर चढवण्याचा प्रकार मला कधीच पटला नाही. जिथे असे सांगितले गेले, तिथे पुन्हा पाऊल टाकू नका.


उत्तर : बीलवासी, स्वित्झर्लंड

गिरगावकरांनी दुकानाची बाजू मांडली आहे, तर मी कारखान्याच्या बाजूने लिहितो. मी बील शहराजवळ घड्याळांचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात अभियंता आहे. आमचा रोलेक्सशी व्यवहार नाही, पण या खोऱ्यात राहिल्यावर हा धंदा कसा चालतो ते कळत जाते.

रोलेक्सची यंत्रे बीलमध्ये तयार होतात, अंग आणि पट्टा जिनिव्हाजवळच्या प्लाँ-ले-वातमध्ये, तबकड्या शेन-बूरमध्ये, आणि शेवटची जुळणी व तपासणी जिनिव्हातच होते. कंपनी वर्षाला दहा लाखांहून अधिक घड्याळे बनवते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हा आकडा ऐकला की टंचाई कशी काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण तो सगळ्या मालिकांचा मिळून आहे. त्यात वर्षानुवर्षे बसलेली घडी असलेली डेटजस्ट आणि ऑयस्टर पर्पेच्युअल ही घड्याळे आली. लँड-ड्वेलरमधले ७१३५ हे यंत्र मात्र संपूर्ण नवे आहे. या घड्याळासाठी कंपनीने ३२ पेटंट अर्ज केले आहेत, यावरून नवेपणाचा अंदाज यावा.

डायनापल्सचे महत्त्वाचे भाग सिलिकॉनचे आहेत. ते पितळेसारखे कातून काढता येत नाहीत. सिलिकॉनच्या पातळ चकतीतून कोरून वेगळे केले जातात, आणि एका चकतीतून निघालेले सगळेच भाग कसाला उतरतील असे नसते. नेहमीच्या रचनेत लिव्हरचे दगड चाकाच्या दातावर घासत सरकतात, तिथे तेल लागते आणि ऊर्जाही वाया जाते. इथे दोन चाके आळीपाळीने, सरकण्यापेक्षा लोळणाऱ्या स्पर्शाने पुढचा भाग ढकलतात, आणि या रचनेची कार्यक्षमता ३० टक्क्यांनी अधिक असल्याचे कंपनी सांगते. कल्पना सुरेख आहे, पण ती हजारो नगांत तितक्याच अचूकपणे उतरवणाऱ्या कारागिरांचा हात बसायला वेळ लागतो. आमच्याकडे साधे नवे चाक सुरू करायचे झाले तरी पहिले काही महिने बाद नगांचा डबा चांगल्या नगांच्या डब्यापेक्षा लवकर भरतो.

यंत्र तयार झाले की ते सीओएससी या स्वतंत्र संस्थेकडे जाते. तिथे पंधरा दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांत त्याची परीक्षा होते, आणि दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या मर्यादेत ते बसावे लागते. त्यानंतर घड्याळ पूर्ण जुळवून कंपनी स्वतः पुन्हा तपासते आणि तिथली मर्यादा दोन्ही बाजूंना २ सेकंदांची आहे. प्रत्येक नगाला या वाटेने जावेच लागते, मग दुकानात कितीही रांग असो. जुलैच्या उत्तरार्धात इथल्या घड्याळ उद्योगाची सामूहिक सुट्टी सुरू होते. जवळजवळ तीन आठवडे ला शो-द-फोंपासून जिनिव्हापर्यंतच्या बहुतेक कार्यशाळा बंद असतात. एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या घड्याळाच्या पहिल्या काही महिन्यांतच ही सुट्टी येते, हे बाहेरच्यांच्या फारसे लक्षात येत नाही.

यंदा आणखी एक कारण घडले. प्रदर्शन सुरू असतानाच, २ एप्रिलला, अमेरिकेने स्विस मालावर ३१ टक्के आयातशुल्काची घोषणा केली. आठवड्याभरात तिला ९० दिवसांची स्थगिती मिळाली आणि त्या मोकळ्या काळात कंपन्यांनी अमेरिकेकडे माल पाठवण्याची घाई केली. एप्रिल महिन्यात अमेरिकेला झालेली स्विस घड्याळांची निर्यात आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या जवळजवळ अडीचपट होती. ऑगस्टमध्ये शुल्क ३९ टक्के झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते १५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले. लँड-ड्वेलरचे वाटप यामुळे नेमके किती हलले ते कंपनीच जाणे. पण अमेरिका ही स्विस घड्याळांची सगळ्यात मोठी बाजारपेठ आहे, आणि तिथे असा धक्का बसला की बाकीच्या देशांचे वेळापत्रकही विस्कटते.

टंचाई मुद्दाम निर्माण केली जाते, असा आरोप नेहमी होतो. ते आपले धोरण नसल्याचे रोलेक्सने २०२१ मध्ये सांगितले होते, आणि सध्या बुल गावात कंपनी जो नवा कारखाना उभारत आहे तो २०२९ मध्ये पूर्ण व्हायचा आहे. माझे मत विचाराल तर दोन्हींत तथ्य आहे. दर्जाला धक्का न लावता उत्पादन झटकन वाढवता येत नाही हे मी रोज डोळ्यांनी पाहतो, आणि ते झटकन वाढवण्याची कंपनीला निकडही नाही, हेही तितकेच खरे.


पंचगंगा

दोघांचेही मनापासून आभार. यंत्राला परीक्षेसाठी पंधरा दिवस ठेवतात हे ठाऊक होते, पण सामूहिक सुट्टीची माहिती मला अगदी नवी आहे. आता दुबईचा पर्याय, करार, आणि ‘आधी दागिना घ्या’ या अटीबद्दल कायदा काय म्हणतो, यावर कोणी प्रकाश टाकेल का?


उत्तर : गोदाकाठ, नाशिक

मी सनदी लेखापाल आहे, म्हणून पैशांच्या आणि कायद्याच्या बाजूचे लिहितो.

आधी दुबई. तिथे मूल्यवर्धित कर ५ टक्के आहे आणि पर्यटकाला त्याचा बहुतांश भाग परत मिळतो, त्यामुळे घड्याळ स्वस्त पडल्यासारखे वाटते. परंतु परदेशातून परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला २०२५ मध्ये ५०,००० रुपयांपर्यंतच्याच सामानावर शुल्कमाफी होती आणि त्यावरच्या रकमेवर अधिभारासह ३८.५ टक्के सीमाशुल्क द्यावे लागत असे. घड्याळाची किंमत १२ लाख रुपये मानली, तर त्या हिशेबाने ११,५०,००० रुपयांवर ४,४२,७५० रुपये शुल्क पडत असे. घड्याळ मनगटावर घालून उतरले म्हणजे ते वापरातली वस्तू ठरते, हा समज चुकीचा आहे. नवे विकत घेतलेले घड्याळ विमानतळावर लाल मार्गिकेत (शुल्क लागणाऱ्या सामानाच्या रांगेत) जाहीर करावे लागते. लपवले आणि सापडले तर घड्याळ जप्त होऊ शकते आणि दंड वेगळा. मावसबहिणीला तर हे काम मुळीच सांगू नका, कारण विमानतळावर जबाब तिला द्यावा लागेल. शिवाय नव्या मालिकेसाठी दुबईतल्या दुकानांतही रांग आहेच. तिथल्या विक्रेत्याने अनोळखी पाहुण्याला पुढे का घ्यावे?

आता करार. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा एफ्टा गट आणि भारत यांच्यातला व्यापार करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. स्विस घड्याळांवरचे सीमाशुल्क, जे अधिभारासह २२ टक्के होते, ते सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचे आहे. टप्पे सारखे धरले तर वर्षाला साधारण तीन टक्क्यांची घट होते. तीही आयातमूल्यावर, दुकानातल्या विक्रीच्या किमतीवर नव्हे. वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे तो तसाच राहतो. दुसऱ्या बाजूला सोने महाग होत आहे, स्विस फ्रँक वधारला आहे आणि कंपन्या साधारणपणे नव्या वर्षाच्या सुरुवातीला किमती वाढवतात. त्यामुळे केवळ शुल्क उतरेल या आशेने थांबण्यात मला फायदा दिसत नाही. वाटपात नंबर लागला की घेऊन टाका.

घेताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याला १ टक्का कर गोळा करावा लागतो. तो जादा खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो, कर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख रक्कम विक्रेत्याला स्वीकारताच येत नाही, म्हणून सारा व्यवहार बँकेतूनच करा.

‘आधी दागिना घ्या’ ही अट मात्र गंभीर आहे. एक वस्तू मिळवण्यासाठी दुसरी वस्तू विकत घेण्याची पूर्वअट घालणे, याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये निर्बंधक व्यापारी प्रथा म्हटले आहे आणि तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येईल. पुरावा हवा, हे ओघाने आलेच. तोंडी बोलणे कोणी मान्य करत नाही. म्हणून त्याच दुकानाला एक साधे ईमेल पाठवा : अमुक दिवशी अशी अट सांगण्यात आली, ती आपल्या दुकानाची अधिकृत अट आहे का, हे कृपया कळवावे. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा अशा पत्राला उत्तर येते आणि अट नाहीशी होते.

नाव नोंदवताना कोणी आगाऊ रक्कम मागितलीच, तर पावतीवर घड्याळाचे नेमके वर्णन, संदर्भ क्रमांक (कंपनीचा मॉडेल क्रमांक) आणि रक्कम परत मिळण्याची अट लिहून घ्या. त्याखेरीज विसार म्हणून एक रुपयाही देऊ नका.


उत्तर : टिळक रस्ता, पुणे

मी घड्याळजी आहे. माझ्या टेबलावर जुनी एचएमटी येतात, तशीच बाजारातून वरचे पैसे मोजून घेतलेली महागडी घड्याळेही येतात, आणि त्या अनुभवावरून मध्यस्थाबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात.

नव्या घड्याळाला सगळ्यात चढा भाव पहिल्या वर्षात मिळतो. सप्टेंबर २०२० मध्ये रोलेक्सने पिरोजा, पिवळा, पोवळ्यासारखा लाल अशा रंगांच्या तबकड्यांची ऑयस्टर पर्पेच्युअल घड्याळे आणली. ती मालिकेतली सगळ्यात साधी, पण बाजारात त्यांना मूळ किमतीच्या कित्येक पट मागितले गेले. २०२२ च्या वसंतात रोलेक्स, पाटेक फिलिप आणि ओडेमार्स पिगे यांचे बाजारभाव शिगेला पोहोचले आणि नंतर ते उतरत गेले. तेव्हा घाईने घेतलेल्या काही लोकांची निराशा मी जवळून पाहिली आहे. घड्याळ उत्तम असते, पण ते हातात घेताना त्या माणसाला फक्त बुडालेले पैसे आठवतात. तुमच्यासारख्या यंत्रावर प्रेम करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तसे होऊ नये.

दुसरे असे की या घड्याळाच्या पोटात काय आहे ते आमच्यापैकी कोणी अजून उघडून पाहिलेले नाही. सिलिकॉनचे भाग बाजारात सुटे मिळत नाहीत, त्यामुळे काही बिघडले तर ते कंपनीच्या सेवा केंद्रातच जाणार. तिथे वॉरंटी कार्डावरची तारीख आणि अनुक्रमांक पाहिले जातात. पाच वर्षांची वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून चालू होते, आणि मध्यस्थाकडच्या घड्याळात ती तारीख आधीच उलटून काही महिने झालेले असतात. नव्या यंत्राच्या बाबतीत मला संपूर्ण वॉरंटी फार मोलाची वाटते.

वाट पाहताना त्याच प्रदर्शनात आलेले ग्रँड सेकोचे ‘यू.एफ.ए.’ एकदा हातात घेऊन पाहा, असे सुचवतो. टायटॅनियमचे, ३७ मिलिमीटरचे हे घड्याळ वर्षाला फक्त २० सेकंद पुढे-मागे होते. ते निव्वळ यांत्रिक नाही. स्प्रिंगच्या जोरावर चालते आणि क्वार्ट्झचा स्फटिक त्याची गती आवरतो, म्हणून सेकंदकाटा ठोक्याठोक्याने न सरकता एकसारखा वाहत जातो. प्लॅटिनमचे घड्याळ ८० नगांपुरतेच आहे, टायटॅनियमचे मात्र नेहमीच्या उत्पादनातले आहे. तुमचा विचार बदलावा हा हेतू नाही. अचूकतेचा प्रश्न दोन देशांतल्या कारागिरांनी किती वेगळ्या वाटांनी सोडवला आहे, ते पाहून तुम्हाला निश्चित आनंद होईल.


पंचगंगा

सर्वांचे आभार. मध्यस्थाला नकार कळवला आहे आणि दुबईचा विचार सोडून दिला आहे. गोदाकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे त्या दुकानाला ईमेल पाठवले, उत्तर यायचे आहे. ज्या दुकानात पावतीविना नाव लिहून घेतले होते, तिथे दूरध्वनी करून ३६ मिलिमीटर, पांढरे सोने व पोलाद, पांढरी तबकडी असा तपशील संदर्भ क्रमांकासह लेखी कळवला, आणि त्यांनी तो मिळाल्याचे लगेच उलट कळवले. त्यांच्याकडे या मालिकेतला प्रदर्शनाचा एक नमुना आहे, मात्र तो ४० मिलिमीटरचा आहे. माझे मनगट बारीक आहे. ४० चा नमुना घालून ३६ चा अंदाज येईल का?


उत्तर : गिरगावकर, मुंबई

काही अंशी येईल. या मालिकेत पट्टा घड्याळाच्या अंगाशी सलग जोडलेला असल्यामुळे ते मनगटावर त्याच मापाच्या डेटजस्टपेक्षा थोडे पसरलेले दिसते, म्हणून ३६ ची डेटजस्ट घालून घेतलेला अंदाज चुकू शकतो. ४० चा नमुना घालून पट्ट्याची पहिली कडी मनगटाच्या कडेला कशी वळते ते पाहा. ती मनगटाबाहेर तरंगत राहिली नाही, तर ३६ नक्की बसेल. दोन्ही मापांची जाडी साधारण ९.७ मिलिमीटर आहे, त्यामुळे ते बाहीखाली कसे जाते याची परीक्षा ४० च्या नमुन्यावरच होऊन जाईल. जाताना पूर्ण बाहीचे काहीतरी घालून जा, आणि नमुना हातात असताना तो उलटा करून मागच्या काचेतून यंत्र दाखवा असे मुद्दाम सांगा. विक्रेते स्वतःहून ते दाखवायला विसरतात.